प्रकाशोद्दीपित अब्जांश द्रव्ये, कर्करोगविषयक

विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेऊन त्या ऊर्जेचे उष्णतेत, तीव्र विक्रियाशील ऑक्सिजनाच्या निर्मितीत अथवा निराळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात रूपांतर करणारी अतिसूक्ष्म द्रव्ये कर्करोगाच्या गाठी (अर्बुदे) दृश्यमान करण्यासाठी व नष्ट करण्यासाठी वापरली जातात, त्यांना ही संज्ञा लावतात. त्यांच्या कणांचे आकारमान सामान्यतः १ ते १०० नॅनोमीटर असते (१ नॅनोमीटर म्हणजे १ मीटरचा अब्जावा भाग, मानवी केसाची जाडी सु. ८०,००० नॅनोमीटर असते). प्रत्यक्ष वापरात असलेले काही कण या मर्यादेपेक्षा मोठे असले, तरी रूढीने त्यांचाही समावेश याच गटात करतात.

नेहमीच्या रासायनिक औषधांपेक्षा या द्रव्यांचे वेगळेपण असे की, अंधारात ती बहुतांशी निष्क्रिय असतात. द्रव्य रक्तातून सर्व शरीरभर पसरले, तरी ज्या जागी प्रकाश टाकला जाईल त्याच जागी त्याची क्रिया घडते. तसेच वापरलेल्या तीव्रतेचा नुसता प्रकाश द्रव्याविना सहसा अपाय करीत नाही. द्रव्य व प्रकाश ही दोन्ही जेथे एकत्र येतात तेवढ्याच भागावर परिणाम होत असल्याने आसपासच्या निरोगी भागाचे रक्षण होते, ही या पद्धतीमागील मूळ कल्पना होय. तिची प्रमुख अडचणही याच कल्पनेत दडलेली आहे. मानवी शरीर पारदर्शक नाही आणि अर्बुदे नेहमी पृष्ठभागावर असतात असेही नाही. या क्षेत्रातील गेल्या काही दशकांचे संशोधन या एका अडचणीभोवतीच फिरत आले आहे.

ऊतकांतील प्रकाशाचे गमन : काळोखात प्रज्वलित विजेरीवर पंजा ठेवल्यास बोटांच्या कडा तांबड्या दिसतात, निळ्या किंवा हिरव्या कधीच दिसत नाहीत. रक्तातील हीमोग्लोबिन व त्वचेतील कृष्णरंजक (मेलॅनीन) ही द्रव्ये निळा व हिरवा प्रकाश मोठ्या प्रमाणावर शोषून घेतात. तांबडा प्रकाश त्या मानाने पलीकडे जाऊ शकतो. निळा प्रकाश ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) १ मिमी.पर्यंतही परिणामकारक रीत्या पोहोचत नाही. सु. ६३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या प्रकाशाची उपचारास पुरेशी पोच सु. ३ ते ५ मिमी. असते, तर ८०० नॅनोमीटरच्या आसपासच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या निकट अवरक्त प्रकाशाची ती सु. १ सेंमी. धरतात. सु. ९५० नॅनोमीटरच्या पलीकडे शरीरातील पाणी प्रकाश शोषू लागते. म्हणून ६५० ते ९५० नॅनोमीटर या पट्ट्यास ‘प्रकाशीय गवाक्ष’ म्हणतात. सु. १,००० ते १,७०० नॅनोमीटर या पट्ट्यात पाण्याच्या शोषणाचे शिखर वगळता दुसरे गवाक्ष आढळते. तेथे प्रकीर्णन (प्रकाश विखुरला जाणे) कमी असल्याने प्रतिमा अधिक रेखीव मिळतात.

शोषणापेक्षा प्रकीर्णनाचा उपद्रव अधिक असतो. ऊतकात शिरलेला प्रकाश सरळ रेषेत न जाता धुक्यातील दिव्याच्या प्रकाशाप्रमाणे सर्व दिशांना पसरतो. त्यामुळे खोलवरच्या बिंदूवर बाहेरून किरण केंद्रित करता येत नाही आणि तेथून येणाऱ्या प्रकाशाने स्पष्ट प्रतिमाही बनत नाही. प्रकाशाची तीव्रता दुप्पट केल्याने पोच दुप्पट होत नाही, कारण खोलीबरोबर तीव्रता घातांकीय प्रमाणात घटते. त्वचा मात्र अकारण भाजते.

इतिहास : प्रकाश व वनस्पतिज द्रव्य यांचा एकत्रित उपयोग प्राचीन आहे. बावचीच्या बियांचा लेप लावून ऊन घेण्याचा कोडावरील उपचार भारतात फार पूर्वीपासून प्रचलित होता. बावचीतील सोरालीन हे द्रव्य मुख्यतः डीएनएशी प्रत्यक्ष जोडले जाते व त्यास ऑक्सिजनाची गरज भासत नाही. म्हणून प्रस्तुत पद्धतीशी त्याचे नाते दूरचेच मानावे लागते. नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशचिकित्सेबद्दल १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, परंतु त्यांच्या पद्धतीत बाहेरून कोणतेही द्रव्य दिले जात नसे.

खरा आरंभ म्यूनिक येथे हेर्मान फोन टापायनर यांच्या प्रयोगशाळेत झाला. त्यांचे विद्यार्थी ओस्कार राब हे पॅरामिशियम या एककोशिक प्राण्यावर ॲक्रिडीन या रंजकद्रव्याचा होणारा विषारी परिणाम अभ्यासत होते. एकाच संहतीच्या विद्रावात प्राणी मरण्यास लागणारा वेळ निरनिराळ्या दिवशी फार वेगळा येई. या विसंगतीचे कारण प्रयोगशाळेतील उजेडात आहे, हे त्यांनी ओळखले व १९०० मध्ये ते प्रसिद्ध केले. १९०३ मध्ये टापायनर व ए. येझिओनेक यांनी त्वचेच्या अर्बुदांवर इओसीन हे रंजकद्रव्य लावून प्रकाशाचा उपयोग केला. या क्रियेस ऑक्सिजन आवश्यक असतो, हेही टापायनर यांच्याच गटाने दाखविले आणि तिला ‘प्रकाशगतिक क्रिया’ हे नाव दिले.

१९१२ मध्ये फ्रीड्रिख मायर-बेट्स या जर्मन वैद्यांनी हीमॅटोपॉर्फिरीन हे रक्तरंजकापासून मिळणारे द्रव्य २०० मिग्रॅ. इतके स्वतःच्या शिरेत टोचून घेतले. उन्हात जाताच त्यांचा चेहरा व हात ओळखू न येण्याइतके सुजले आणि प्रकाशाविषयीची ही असह्यता कित्येक आठवडे टिकली. अशा द्रव्यांच्या मुख्य दुष्परिणामाची ही पहिली नोंद होय आणि आजही तो पूर्णपणे टळलेला नाही. याच वर्गातील द्रव्यांवर पुढे अमेरिकेत काम झाले. बफलो येथील टॉमस डॉहर्टी व सहकारी यांनी १९७८ मध्ये २५ रुग्णांच्या त्वचेतील व त्वचेखालील ११३ अर्बुदांवर तांबड्या प्रकाशाने उपचार केल्याचे वृत्त दिले. त्यांपैकी १११ अर्बुदे पूर्णतः वा अंशतः नाहीशी झाली. या कामातून सिद्ध झालेल्या पॉर्फिमर सोडियम (फोटोफ्रीन) या औषधास कॅनडात १९९३ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगासाठी व अमेरिकेत १९९५ मध्ये ग्रसिकेच्या (अन्ननलिकेच्या) कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

सूक्ष्म कणांचा इतिहास स्वतंत्र आहे. कलिल अवस्थेतील सोने पिवळे न दिसता माणिकासारखे तांबडे दिसते, याचा पद्धतशीर अभ्यास मायकेल फॅराडे यांनी १८५७ मध्ये केला, तर गुस्टाफ मी यांनी १९०८ मध्ये गोलाकार कणांकडून होणारे प्रकाशाचे शोषण व प्रकीर्णन यांचे गणित मांडले. रंजकद्रव्यांचा व धातुकणांचा हे दोन प्रवाह वैद्यकात एकत्र येण्यास आणखी सु. शतक लागले. [⟶ कलिल]

ऑक्सिजनाद्वारे होणारी क्रिया : प्रकाशसंवेदक द्रव्याच्या रेणूने प्रकाशकण (फोटॉन) शोषल्यावर तो उत्तेजित ‘एकल’ अवस्थेत जातो. या अवस्थेतून तो काही नॅनोसेकंदांत अनुस्फुरणाच्या रूपाने प्रकाश उत्सर्जित करून परत मूळ अवस्थेत येतो किंवा त्याच्या इलेक्ट्रॉनाच्या परिवलनाची दिशा पालटून अधिक दीर्घायुषी अशा ‘त्रिक’ अवस्थेत उतरतो. ऑक्सिजनाच्या रेणूची मूळ अवस्थाच त्रिक असल्याने दोहोंत ऊर्जेची देवघेव सुलभ होते आणि ऑक्सिजन उत्तेजित एकल अवस्थेत जातो. काही वेळा इलेक्ट्रॉनाची देवघेव होऊन निरनिराळी मुक्त मूलकेही निर्माण होतात. एकल ऑक्सिजन मेद, प्रथिने व न्यूक्लिइक अम्ले यांवर तत्काळ आघात करतो. कोशिकेतील त्याचे आयुष्य काही मायक्रोसेकंदांहून अधिक नसते व तेवढ्या वेळात तो १ मायक्रोमीटरच्या अंशाइतकेच अंतर तोडतो. कोशिकेचा व्यास १० ते २० मायक्रोमीटर असल्याने द्रव्य कोशिकेच्या ज्या घटकात जाऊन बसले असेल तोच घटक प्रथम निकामी होतो. कोशिकांचा प्रत्यक्ष नाश, अर्बुदाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या बंद पडणे आणि मृत कोशिकांतून बाहेर पडलेल्या द्रव्यांमुळे प्रतिरक्षा यंत्रणा जागृत होणे, असा तिहेरी परिणाम दिसून येतो.

येथे भौतिकीचा एक पेच उद्‌भवतो. ऑक्सिजन एकल अवस्थेत नेण्यास ०·९८ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. तरंगलांबी जितकी जास्त तितकी प्रकाशकणाची ऊर्जा कमी असते : ६३० नॅनोमीटरला ती १·९७, तर ८०० नॅनोमीटरला १·५५ इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. मधल्या पायऱ्यांवर होणारा ऱ्हास जमेस धरता, सु. ८०० ते ८५० नॅनोमीटरच्या पलीकडील प्रकाशाने ही क्रिया घडविणे दुरापास्त होते. म्हणजे जो प्रकाश खोलवर पोहोचतो त्याच्या कणांत पुरेशी ऊर्जा नसते आणि ज्याच्या कणांत ऊर्जा असते तो पोहोचत नाही.

या पेचावर सुचविलेला एक उपाय म्हणजे ऊर्ध्वपरिवर्तक कण. सोडियम इट्रियम फ्ल्युओराइडाच्या स्फटिकात यिटर्बियम व एर्बियम अथवा थुलियम या विरल मृत्तिका मूलद्रव्यांचे अल्प अंश मिसळले असता तो स्फटिक ९८० नॅनोमीटरचे दोन किंवा अधिक प्रकाशकण क्रमाने शोषून त्यांच्या ऊर्जेची बेरीज करतो व दृश्य प्रकाशाचा एक कण बाहेर टाकतो. स्फटिकाच्या कवचात बसविलेले प्रकाशसंवेदक द्रव्य तो प्रकाश जागच्या जागी शोषून घेते. सिंगापूर येथील संशोधकांनी २०१२ मध्ये या रीतीने उंदरांतील अर्बुदांची वाढ रोखून दाखविली. कल्पना चातुर्याची आहे; परंतु परिवर्तनाची कार्यक्षमता फार अल्प असते व ९८० नॅनोमीटरला पाणीही प्रकाश शोषून तापते. निओडिमियम मिसळून ८०८ नॅनोमीटरच्या प्रकाशाचा उपयोग केल्यास दुसरी अडचण बरीच कमी होते, पहिली मात्र उरतेच.

दुसरी मर्यादा खुद्द ऑक्सिजनाची होय. वेगाने वाढणाऱ्या अर्बुदाच्या गाभ्यात तो मुळात कमी असतो आणि उपचाराच्या ओघात आणखी खर्च होतो. यासाठी प्रकाश एकसलग न देता मधे विराम ठेवून हप्त्यांनी देतात, म्हणजे रक्तावाटे ऑक्सिजन पुन्हा भरून येतो. अर्बुदातील हायड्रोजन पेरॉक्साइडाचे अपघटन करून ऑक्सिजन मोकळा करणारे मँगॅनीज डाय-ऑक्साइडाचे कणही प्रयोगशाळांत तयार करण्यात आले आहेत.

उष्णतेद्वारे होणारी क्रिया : या प्रकारात ऑक्सिजनाची गरज नसते. सोन्याच्या सूक्ष्म कणातील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युत् क्षेत्राबरोबर सामुदायिक रीत्या आंदोलन पावतात. आंदोलनाच्या नैसर्गिक कंप्रतेशी प्रकाशाची कंप्रता जुळली, की अनुस्पंदन होऊन शोषण कमालीचे वाढते व शोषलेली ऊर्जा अत्यल्प काळात उष्णतेच्या रूपाने भोवती पसरते. यास पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुस्पंदन म्हणतात. साध्या गोल कणांत ते सु. ५२० नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्या प्रकाशात घडते. तो प्रकाश शरीरात शिरत नसल्याने गोल कण येथे निरुपयोगी ठरतात. मात्र कणाचा आकार बदलताच अनुस्पंदनाची तरंगलांबी बदलते. ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठात नेओमी हॅलास व सहकारी यांनी १९९८ च्या सुमारास सिलिकेच्या गाभ्यावर सोन्याचे पातळ कवच चढविलेले कण तयार केले. गाभ्याचा व्यास व कवचाची जाडी यांचे गुणोत्तर बदलून अनुस्पंदन निकट अवरक्तापर्यंत हवे तेथे नेता येते. सोन्याच्या सूक्ष्म दांड्यांतही लांबी व जाडी यांच्या गुणोत्तराने हेच साधते. अशा दांड्यांचा कर्ककोशिकांवरील उपयोग मुस्तफा एल-सय्यद व सहकारी यांनी २००६ मध्ये दाखविला. तीव्र स्पंदी लेसर किरणांखाली मात्र या दांड्या वितळून गोल होतात व त्यांचा गुण नाहीसा होतो.

राइस विद्यापीठातील हॅलास व जेनिफर वेस्ट यांच्या गटांनी २००३ मध्ये उंदरांच्या अर्बुदांत सुवर्णकवची कण टोचून ८२० नॅनोमीटरचा लेसर किरण टाकला, तेव्हा ४ ते ६ मिनिटांत अर्बुदाचे तापमान सरासरीने सु. ३७° से. नी वाढले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे कण शिरेतून देण्यात आले. उपचार केलेली सर्व अर्बुदे नाहीशी झाली व उंदीर ९० दिवसांहून अधिक काळ रोगमुक्त राहिले. सु. ४२° ते ४५° से. तापमान दीर्घ काळ टिकविल्यास कोशिका दुर्बल होतात व प्रारण आणि औषधे यांना अधिक बळी पडतात, ५०° से.च्या वर प्रथिने गोठून कोशिका थोड्याच वेळात मरतात. तांब्याचे सल्फाइड, ग्रॅफीन ऑक्साइड, कार्बनाच्या सूक्ष्म नलिका, पॉलिडोपामीन इ. द्रव्येही याच कामासाठी अभ्यासली गेली आहेत. टोराँटो येथे २०११ मध्ये पॉर्फिरीन व मेद यांच्या संयोगाने बनविलेल्या पुटिका (पॉर्फिसोम) विशेष उल्लेखनीय आहेत. अखंड पुटिकेत रेणू दाटीने बसलेले असल्याने शोषलेल्या प्रकाशाची उष्णता होते. पुटिका फुटली, की तेच रेणू अनुस्फुरण दाखवू लागतात. शिवाय त्यांचे शरीरात विघटन होते.

सोन्याच्या या उपयोगाशी सुवर्णभस्माची सांगड कधीकधी घातली जाते. ती अनाठायी आहे. येथील परिणाम कणांच्या विशिष्ट आकारामुळे व त्यास जुळवून घेतलेल्या लेसर किरणामुळे होतो. पोटात घेतलेल्या सोन्याने यातील काहीही घडत नाही.

प्रतिमादर्शन : अर्बुद काढताना ते नेमके कोठे संपते, हा शस्त्रक्रियेतील जुना प्रश्न आहे. विशेषतः मेंदूत कमी कापल्यास रोग उरतो व जास्त कापल्यास वाचा किंवा हालचाल जाते. ५-ॲमिनोलेव्ह्युलिनिक अम्ल रुग्णास पाजले असता मारक ग्लायोमाच्या कोशिकांत त्यापासून प्रोटोपॉर्फिरीन तयार होऊन साठते व निळ्या प्रकाशात तांबडे अनुस्फुरते. जर्मनीतील चाचणीच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या साहाय्याने दृश्य अर्बुद संपूर्ण काढता आलेल्या रुग्णांचे प्रमाण ६५ टक्के, तर साध्या पांढऱ्या प्रकाशात शस्त्रक्रिया झालेल्यांत ३६ टक्के होते. सहा महिन्यांनंतर रोग न बळावलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४१ व २१ टक्के आढळले. एकूण आयुर्मानात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. यूरोपात २००७ मध्ये व अमेरिकेत २०१७ मध्ये या औषधास मान्यता मिळाली. अंडाशयाच्या कर्करोगासाठी पॅफोलॅसिआनीन (२०२१) व स्तनाच्या कर्करोगासाठी पेग्युलिसिआनीन (२०२४) ही निकट अवरक्त प्रकाशात काम करणारी द्रव्ये अमेरिकेत मान्य झाली आहेत. ही सर्व रेणुरूप औषधे आहेत, कणरूप नव्हेत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

कणरूप द्रव्यांपैकी कॉर्नेल विद्यापीठात विकसित झालेले, सिलिकेत रंजकद्रव्य बंदिस्त केलेले सु. ६ ते ७ नॅनोमीटरचे कण मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचले. अमेरिकेत त्यांना २०११ मध्ये चाचणीची अनुमती मिळाली व कृष्णकर्काच्या पाच रुग्णांवरील पहिले निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कण मूत्रावाटे बाहेर पडतात, हा त्यांतील महत्त्वाचा निष्कर्ष होता. पुंज बिंदूंचे अनुस्फुरण याहून तेजस्वी असते व त्यांच्या शोधाबद्दल २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिकही देण्यात आले. पण उत्तम पुंज बिंदूंत बहुधा विषारी कॅडमियम असल्याने मानवी शरीरात त्यांचा वापर करण्यास वैद्य धजत नाहीत.

प्रकीर्णनाच्या अडचणीवर प्रकाश-ध्वनिक पद्धतीने बरीच मात केली आहे. प्रकाशाच्या अल्पकालीन स्पंदाने द्रव्य किंचित तापून प्रसरण पावते व त्यातून श्राव्यातीत ध्वनितरंग निघतात. या परिणामाचा शोध अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८० मध्येच लावला होता. ऊतकांत ध्वनीचे प्रकीर्णन प्रकाशापेक्षा पुष्कळच कमी होत असल्याने काही सेंमी. खोलीवरील रक्तवाहिन्या वा अर्बुदे रेखीव दिसतात. सोन्याचे कण येथे उपयोगी पडतात, कारण जे द्रव्य उत्तम तापते तेच उत्तम ध्वनीही देते. परिणामी एकाच कणाने आधी जागा दाखवावी व मग त्याच जागी उपचार करावा, अशी योजना करता येते. [⟶ अनुस्फुरण, लेसर]

अर्बुदापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न : अर्बुदातील रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या व सच्छिद्र असतात आणि तेथील लसीकेचा निचराही नीट होत नाही. त्यामुळे मोठे रेणू व कण अर्बुदात झिरपतात व तेथेच अडकून राहतात, असे यासुहिरो मात्सुमुरा व हिरोशी माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये दाखविले. सूक्ष्मकणांच्या वैद्यकाची उभारणी मुख्यतः याच निरीक्षणावर झाली. तथापि २०१६ मध्ये टोराँटो येथील संशोधकांनी मागील दहा वर्षांतील प्रसिद्ध प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा शिरेतून दिलेल्या कणांपैकी अर्बुदात पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण अवघे ०·७ टक्के भरले. कणांच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडे बसवून ते वाढविण्याचे प्रयत्न झाले. वाढ झाली, परंतु अपेक्षेइतकी नाही.

उरलेले कण मुख्यतः यकृत व प्लीहा यांतील भक्षक कोशिका गिळंकृत करतात. सु. ६ नॅनोमीटरपेक्षा लहान कण वृक्कांतून (मूत्रपिंडांतून) गाळले जातात. त्याहून मोठे सुवर्णकण यकृतात महिनोन्‌महिने राहू शकतात. सोने रासायनिक दृष्ट्या निष्क्रिय असले, तरी वर्षानुवर्षांच्या वास्तव्याचे परिणाम उंदराच्या अल्प आयुष्यात कळून येत नाहीत. या दृष्टीने मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संशोधन संस्था यांतील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले काम महत्त्वाचे आहे. त्यांनी मेदाच्या पुटिकांवर सोन्याचा थर चढविला. उंदरांतील अर्बुदे ७५० नॅनोमीटरच्या लेसर किरणाने नष्ट झाली आणि कणांचे यकृतकोशिकांत विघटन होऊन त्यांचे अंश पित्त व मूत्र यांवाटे बाहेर पडत असल्याचे आढळले.

उंदरांवरील यशाचा अर्थ लावताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे. उंदराचे अर्बुद बहुधा त्वचेखाली मुद्दाम वाढविलेले व काही मिमी. जाडीचे असते; बाहेरून टाकलेला प्रकाश ते आरपार व्यापतो. मानवी स्वादुपिंड किंवा यकृत यांतील अर्बुदावर असा प्रकाश पडणे शक्य नाही. ‘खोल अर्बुदांवरील उपचार’ असे शीर्षक असलेल्या अनेक प्रयोगांतील खोली १ सेंमी.हूनही कमी असते.

मानवी उपचार : प्रकाश बाहेरून आत जात नसेल, तर प्रकाशस्रोतच आत न्यावा, हा मार्ग व्यवहारात सर्वांत फलदायी ठरला आहे. अंतर्दर्शकातून अथवा पोकळ सुईतून प्रकाशीय तंतू घालून ग्रसिका, श्वासनलिका व मूत्राशय येथे प्रकाश पोहोचविता येतो. सुवर्णकवची कणांची मानवावरील महत्त्वाची चाचणी याच रीतीने झाली. अष्ठीला ग्रंथीच्या मर्यादित कर्करोगाच्या ५८ ते ७९ वर्षे वयाच्या १६ रुग्णांना सु. १५० नॅनोमीटर व्यासाचे कण शिरेतून देऊन, चुंबकीय अनुस्पंदन व श्राव्यातीत प्रतिमांच्या मार्गदर्शनाखाली ग्रंथीत लेसर तंतू बसविण्यात आले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार १६ पैकी १५ जणांत ही क्रिया यशस्वी रीत्या पार पडली. संख्या लहान आहे व तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तरी उंदराकडून माणसाकडे झालेले हे संक्रमण महत्त्वाचे मानले जाते.

जपानमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये मान्यता मिळालेले सेटुक्झिमॅब सॅरोटॅलोकॅन हे औषधही येथे नमूद केले पाहिजे. हिसाताका कोबायाशी व सहकारी यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत २०११ मध्ये वर्णन केलेल्या तत्त्वावर ते आधारलेले आहे. कर्ककोशिकेच्या पृष्ठभागास चिकटणाऱ्या प्रतिपिंडास रंजकद्रव्य जोडलेले असते व ६९० नॅनोमीटरच्या प्रकाशाने कोशिकेचे पटल फाटते. शस्त्रक्रियेने न काढता येणाऱ्या डोके व मान यांच्या कर्करोगासाठी त्यास मान्यता आहे. ते कण नसून प्रतिपिंड व रंजकद्रव्य यांचा संयोग आहे. कणविज्ञानाचा गाजावाजा मोठा असला, तरी रुग्णालयांत आजवर पोहोचलेली बहुसंख्य प्रकाशोद्दीपित औषधे साध्या रेणूंचीच आहेत. मेदपुटिकांत भरलेले व्हर्टेपोर्फीन हे या बाबतीत अपवाद असले, तरी ते कर्करोगासाठी नव्हे, तर डोळ्याच्या जालपटलाच्या विकारासाठी मान्य झाले.

पॉर्फिमर घेतलेल्या रुग्णास किमान ३० दिवस ऊन व तीव्र कृत्रिम प्रकाश यांपासून त्वचा व डोळे जपावे लागतात. शेतात वा रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाला हे पथ्य पाळणे जवळजवळ अशक्य असते. ५-ॲमिनोलेव्ह्युलिनिक अम्लाचा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो, हा त्याचा मोठा लाभ होय. उपचाराच्या वेळी होणारी वेदना व नंतरची सूज हे दुष्परिणाम सामान्यतः तात्पुरते असतात.

भारतात तंबाखूच्या सेवनामुळे मुखाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे आणि मुखात प्रकाश थेट टाकता येतो. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय व बॉस्टन येथील संशोधक यांनी मिळून, महागड्या लेसर यंत्राऐवजी ६३५ नॅनोमीटरच्या प्रकाश-उत्सर्जक डायोडांचे (एलईडी) विजेरी घटांवर चालणारे स्वस्त उपकरण आरंभीच्या मुखकर्करोगासाठी वापरून पाहिले. रुग्णास ५-ॲमिनोलेव्ह्युलिनिक अम्ल पाजून गाठीचे अनुस्फुरण स्मार्टफोनाच्या कॅमेऱ्याने टिपले जाई व प्रकाश हप्त्यांनी दिला जाई. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार २९ रुग्णांपैकी २२ जणांच्या गाठी पूर्णपणे नाहीशा झाल्या. या उपचारात अब्जांश कण मुळीच वापरलेले नाहीत. निवडलेल्या सर्व गाठी लहान व मुखापुरत्या मर्यादित होत्या. गाठ जबड्याच्या हाडात शिरली असेल किंवा मानेतील लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचली असेल, तर हा प्रकाश तेथवर जात नाही आणि शस्त्रक्रिया व प्रारण चिकित्सा यांचाच अवलंब करावा लागतो. [⟶ कर्करोग]